सुनेची भाषा, पोट आत घेऊन

...नाही, मी काय म्हणतो, भाषा शिकायला माझी ना नाही, व्यायामालाही ना नाही, पण दोन्ही एकदम? आणि तेही पहाटे, माझ्या उशाशी? तुम्हाला सांगतो, माणूस साखरझोपेत असावा आणि शेजारी धप्प, धप्प, वर परक्या भाषेत आरोळ्या... मला वाटलं घरात चोर शिरलाय आणि तोही परदेशी! पण आमच्या हिला सांगणार कोण?

त्याचं झालं असं, मुलाने लग्न केलं ते पार दूरदेशीच्या मुलीशी. पोरगी गुणाची, नाव ठेवायला जागा नाही, पण तिची भाषा आम्हाला कळेना आणि आमची तिला. ती दोघं आपसात इंग्रजी बोलतात, आणि आमचं इंग्रजी म्हणजे 'यस' आणि 'नो', तेही चुकीच्या जागी. त्यात तिला दिवस गेले. तिची आई आजारी, येऊ शकणार नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडे ठरलं. तेव्हा ही मला म्हणाली, "अहो, ऐन वेळी पोरीच्या कानावर तिच्या भाषेतले चार शब्द पडायला हवेत की नकोत?" साठी उलटलेली बाई! म्हटलं, या वयात स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, भाषा कुठली आठवतेय... पण आमच्या हिला सांगणार कोण?

आधी पुस्तक आणलं. बसून बसून गुडघे आखडले. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, नाहीतर जिना विसरा. दुसऱ्या कुणी दोन्हींतलं एक सोडलं असतं, हिने काय करावं? मोबाइलवर सुनेच्याच भाषेत व्यायाम शिकवणारी एक बाई शोधून काढली! एका दगडात दोन पक्षी! पडद्यावरची बाई ओरडणार, मागोमाग ही ओरडणार आणि बैठक मारणार. वाक्य चुकलं की पुन्हा बैठक, बैठक चुकली की पुन्हा वाक्य... घाम निथळतोय, धाप लागलीय, पण शब्द सोडेल तर शपथ! मी पांघरुणातून बघत कुरकुर करायचो, पण खरं सांगतो, मनातून हात जोडायचो.

आणि जमलं हो! भाजीच्या दोन पिशव्या घेऊन न थांबता जिना चढायला लागली. भाषाही आली... पण कुठली? सगळी व्यायामाची! सून राहायला आली, हिने दारातच तिच्या भाषेत स्वागत केलं, "पाठ ताठ! पोट आत!" आता त्या बिचारीने पोट कसं आत घ्यायचं? जेवताना आग्रह, "आणखी एक! तुम्हाला जमतंय!" झोपायला पाठवताना, "आता सगळं अंग सैल सोडा." अर्थ सांगता सांगता सुनेची हसून पुरेवाट, मुलगा तर लोळायचा बाकी. मी म्हटलं, अगं, निदान 'कशी आहेस' एवढं तरी शिक. तर म्हणते, "त्या बाई विचारतच नाहीत."

आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या, दवाखाना गाठला. मुलगा मोठ्या तोऱ्यात सोबत आत गेला आणि घटकाभरात त्यालाच धरून बाहेर आणलं, घेरी आली म्हणून. आत सून एकटी. वेदनेत माणूस उसन्या भाषा विसरतो हो... डॉक्टर काय सांगतायत ते तिला कळेना, श्वास रोखून धरलेला, नुसती रडतेय. नर्स घाईने बाहेर आली, या मुलीची भाषा कुणाला येते का म्हणून विचारायला लागली. मी जमिनीकडे बघायला लागलो. आणि ही उठली. "मला येते."

मी हात धरला, म्हटलं, अगं, तुला काय येतं? पण आमच्या हिला सांगणार कोण?

गेली की आत! आणि दाराआडून... काय सांगू तुम्हाला... रोज पहाटे माझी झोप मोडणारे तेच शब्द. "माझ्याकडे बघा. श्वास घ्या... धरा... हळूहळू सोडा. खांदे सैल. जमतंय तुम्हाला. आता जोर... शेवटचं!" आणि लगेच, "अजून एक!" ती पडद्यावरची बाईसुद्धा अश्शीच फसवते! एक शब्द वाया गेला नाही. सुनेचं रडणं थांबलं, तिचा श्वास हिच्या तालावर लागला, आणि मग आत एक नवीनच आवाज रडायला लागला... मुलगा पुन्हा मटकन खाली बसला, त्याच्या शेजारी मी बसलो. रडलो, त्यात लपवायचं काय? पोरीला तिच्या भाषेतले चार शब्द हवेत म्हणाली होती, गुडघे झिजवून घेऊन आली बाई!

आता घरात नातू आहे. त्याची आई त्याच्याशी तिच्या भाषेत बोलते, हीसुद्धा. तो एक पाय उडवतो, ही म्हणते, "आता दुसरा!" आणि तो लब्बाड दुसरा उडवतो! मी मराठीत काही म्हटलं की जांभई देतो. शेवटी शरण गेलो, म्हटलं, मलाही शिकव बाई. "शिकवते की," म्हणाली आणि शेजारी दुसरी चटई अंथरली... काय करणार? नातवाशी बोलायचंय, आणि मध्ये आडवं येतंय ते माझंच पोट.