गळ्यातल्या पंच्याचं रहस्य

…नाही, पण माझ्या पंच्यानं कुणाचं काय घोडं मारलंय? तुम्हीच सांगा! सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी पेटवणारा माणूस मी, दिवसभर लाकडं फोडायची, आगीसमोर बसायचं, घाम येतो, घाम पुसायला पंचा लागतो, म्हणून पंचा गळ्यात! संपलं! पण नाही… त्या कुसाकाला त्यात रहस्य दिसलं! कुसाका म्हणजे लेखक, आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, रोज आमच्याकडे अंघोळीला येतो आणि घरी जाऊन पेपरासाठी रोज कादंबरीचा एक तुकडा पाडतो. नाव काय, तर 'धुराड्याखालचा माणूस'! आता अख्ख्या गल्लीत धुराडं एक, त्याच्याखाली माणूस एक, तो मी, तोकुझो! पहिल्याच दिवशी छापलं, 'गळ्यातला पंचा तो कधीच काढत नसे.' झालं! दुसऱ्या दिवशी जो येतो तो माझ्या मानेकडे बघतो!

तुम्हाला सांगतो, मला भूतकाळच नाही हो! जन्म इथला, शाळा मागच्या रस्त्यावर, सासुरवाडी पुढच्या रस्त्यावर. मध्ये दोन वर्षं तेवढा उत्तरेला, आओमोरीला मामाकडे होतो, सफरचंदं पेट्यांत भरायला. बस! पण कुसाकानं नेमकी तीच दोन वर्षं धरली! एकदम सांगेल तर शपथ… रोज चिमूटभर! सोमवारी काय, तर 'बांगडा पुढे आला की तो ताट सरकवी.' अरे, पित्त उठतं मला बांगड्यानं! नंतर, 'बर्फाचा विषय निघाला की त्याचे ओठ मिटत.' मिटणार नाहीत? दोन हिवाळे मामाच्या छपरावरचा बर्फ उपसलाय, कोण आवडीनं बोलेल? आणि मग तो हलकटपणा… 'त्या बर्फात एक स्त्री त्याची वाट पाहत उभी असे.' असे ना! मामी! हातात फावडं घेऊन!

तो तोफूवाला इवाकिची, रोज गरम पाण्याच्या सामाईक टाकीत गळ्यापर्यंत बुडून ओरडतो, "काय रे तोकुझो, खून आज करतोस की उद्या? काल नुसती चाकूची मूठ दाखवलीन त्या कुसाकानं!"

त्याचं एक सोडा. पण माझी बायको, फुमिए! ती दाराशी उंच बैठकीवर बसते, पैसे घेते, तिथून पुरुषांची बाजू, बायकांची बाजू, दोन्हीकडे लक्ष. सकाळी जेवायला बसलो की आधी पेपर. वाचून झाला की माझ्याकडे बघते… बघतच राहते. "अहो, ती आओमोरीची कोण होती हो?" म्हटलं, मामी. "हं," म्हणते, "मामी!" आणि पावडर लावायला लागली! केसांत नवी फणी! माझ्या पुढ्यात भाजलेला ताजा मासा! मी काय ते ओळखलं. निघालेलं माणूस जाता जाता मागच्याला गोडधोड घालतं तसला प्रकार हा… ही मला सोडून निघाली! आणि कशापायी? मला भूतकाळच नसताना!

मग मात्र डोकं फिरलं. सूड! म्हटलं, कुसाका, लेखणी तुझ्या हातात असेल, आग माझ्या हातात आहे!

आता आमच्या पेठेत पाणी कढतच लागतं. टाकीत उतरलेल्यानं गार पाण्याच्या नळाला हात लावला की त्याची अब्रू गेलीच म्हणून समजा. म्हातारे दात आवळून बसतात आणि चेरीच्या फुलांवर बोलतात! कुसाका बाहेरगावचा, आमच्यातला म्हणवून घ्यायला आसुसलेला, तो उकडून मरेल पण नळ सोडणार नाही, हे मला ठाऊक. रविवारी गाठीची, जाड जाड लाकडं घातली भट्टीत. घालतोय… घालतोय… कुसाका उतरला. शेजारी इवाकिची, लालबुंद, म्हणतो, "आज जरा कोमटच आहे, नाही का?" कुसाका म्हणतो, "हो… को… कोमटच…" हलायची सोय नाही, पाणी हललं की आणखी भाजतं! मी आत येऊन काठावर उकिडवा बसलो, पंच्यानं कपाळ पुसलं आणि प्रेमानं विचारलं, "साहेब, त्या बाईचं पुढं काय हो होतं?"

"ते… उद्याच्या अंकात…"

"उद्यापर्यंत बसा मग!"

आणि तो किंचाळला, "मला माहीत नाही! मी काहीच ठरवलेलं नाही! संपादक म्हणतो रोज थोडं उघड कर, म्हणून उघडतोय… आत काही नाहीच! तोकुझोसानना भूतकाळच नाही!"

आहाहा! पुरुषांच्या आणि बायकांच्या मधली भिंत काही छताला टेकत नाही, बायकांकडचा पाण्याचा आवाज एकदम थांबला. सगळ्यांनी ऐकलं! बैठकीवरून फुमिएनंही ऐकलं! आणि नळाकडे पहिली झेप कुणी घेतली असेल? इवाकिचीनं! एका फटक्यात दोघांचं उट्टं निघालं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐटीत जेवायला बसलो. समोर काय? कालचा भात आणि मुळ्याचं लोणचं. पावडर नाही. फणी नाही.

"अहो, म्हणजे खरंच नुसती सफरचंदं भरलीत?"

"नुसती."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

एवढा मोठा सुस्कारा सोडला तिनं! म्हणाली, "मला वाटलं होतं… इतकी वर्षं ज्याच्या विजारी धुतेय, त्या माणसात काहीतरी असेल."

आग विझल्यासारखी बसली होती ती. सोडून जायला नव्हती नटत, माझ्यासाठी नटत होती… आणि मीच माझ्या हातानं सगळ्यावर गार पाणी ओतलं!

गेलो कुसाकाकडे. अंगभर मलम फासून पालथा पडला होता. मी जमिनीला डोकं टेकलं, म्हटलं, "साहेब, झालं गेलं विसरा. ती बाई राहू द्या. जमलं तर चाकूसुद्धा."

"पण तोकुझोसान, तुम्हाला तर भूतकाळच नाही!"

"म्हणून तर आलोय!"

त्यानं ऐकलं, वर फुमिएलाही निरोप धाडला, काल पोळत होतो म्हणून खोटं बोललो, खरं पेपरात वाचा. तिनं ते मानलं. मानायचंच होतं तिला. आता पंचा झोपतानाही काढू देत नाही मला. आणि आजच्या पेपरात… ती बाई गेली हो, बर्फात, त्या धुराड्याखालच्या माणसाचं नाव घेत. फुमिए ढसाढसा रडली, डोळे पुसत मला ताजा मासा वाढला. मीही रडलो. काय करता? शेवटी माझीच होती ना ती!