पाण्याच्या फळीवरचा खडा

आमचं मूळ मालवणाकडचं, पण गावाचं मला फार विचारू नका, मी जन्मले लालबागला आणि वाढले लालबागला, गाव म्हणजे माझ्या लेखी आईची बोली आणि मे महिन्यात कुणाबरोबर तरी येणारी आंब्यांची करंडी. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, छातीत कापूस साठून गेले, तेव्हा मी शाळेत होते आणि माझा थोरला भाऊ वसंत, म्हणजे दादा, तोही शाळेतच होता. दादानं शाळा सोडली आणि बदली कामगार म्हणून साच्यावर उभा राहिला. मी सोडली नाही, कारण दादानं सोडू दिली नाही. आमच्यासारख्या घरात एकानंच शिकावं एवढीच सोय असते हो, आणि ती जागा त्यानं मला दिली. हे आधी लिहून घ्या. माझ्या नावापुढे उद्या काही अक्षरं लागली तर ती कुणाच्या जिवावर लागली ते लोकांना कळू दे.

तर मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि संशोधनाला लागले. संस्थेचं नाव तुमच्या अंकात घालू नका, अजून तिथेच नोकरी आहे. आता मी तिथे करते काय, हे मी आमच्या चाळीत ज्या भाषेत सांगायचे त्याच भाषेत तुम्हाला सांगते. तांबं, निकेल, कोबाल्ट असे धातू असतात ना, ते एकटे राहत नाहीत, दुसऱ्या रेणूंना आपल्याभोवती धरून ठेवतात. म्हणजे मधल्या खोलीत धातू आणि आजूबाजूला बिऱ्हाडं. ही बिऱ्हाडं किती, कुठल्या कोपऱ्यावर, कोण जवळ, कोण लांब, हे शोधायचं. डोळ्यांना तर दिसत नाही. म्हणून त्याचा स्फटिक वाढवायचा, त्याच्यातून क्ष-किरण सोडायचे, पलीकडे फिल्मवर ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणित करत बसायचं महिनोन् महिने. पण खडा एकसंध लागतो. मोहरीएवढा चालेल, पण एकसंध. दोन खडे एकमेकांत शिरून वाढले तर त्याला आम्ही जुळं म्हणतो, मग फिल्मवर एकाचे ठिपके दुसऱ्यात मिसळतात, कुठला कुणाचा ते कळत नाही, सगळं फुकट.

माझं तांब्याचं होतं. सुंदर निळं, काय सांगू तुम्हाला, तसा निळा मी कुठल्या साडीतही पाहिलेला नाही. आणि दर वेळी जुळं यायचं. स्फटिक दोन खास काचांच्या मध्ये धरून सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला की जुळ्याचा एक भाग काळा होतो आणि एक उजळ राहतो. एकसंध असला तर सगळा एकदम काळा होतो, दिवा मालवल्यासारखा. एका दुपारी माझ्यासमोर एक अगदी बारीक कण तसा मालवला, पूर्ण. मी ओरडलेच, शेजारच्या टेबलावरचे दोघे धावत आले, त्यांना वाटलं ॲसिड सांडलं. पण फिल्मला पुरेल एवढा तो नव्हता, तो ज्यातून निघाला त्याच निळ्या पाण्यात त्याला हळूहळू मोठा करायला हवा होता, न हलवता. आणि आमच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून हवा ओढायचा पंप, दिवसभर घरघर, टेबलावर ठेवलेली पेन्सिल गडगडत जायची. तिथे त्याचं जुळंच होणार. म्हणून मी तो कण त्या पाण्यासकट काचेच्या बशीत घरी आणला, ट्राममधून, मांडीवर धरून.

चाळीतल्या एका खोलीत न हलणारी जागा कुठे असते सांगा बरं? पाण्याची. मोरीच्या कोपऱ्यात आमचा हंडा, कळश्या, माठ, तिथे कुणी धसमुसळेपणा करत नाही, पाणी सांडेल म्हणून. वर एक फळी, मागे आतली भिंत, खाली भरलेली भांडी, त्यामुळे दिवसभर सारखाच गारवा. तिथे बशी ठेवली, वर मलमलीचा तुकडा बांधला. आई म्हणाली, ह्यां निळां पाणी कित्याक हाडलंस गो घरात, कोण पियालो तर? मी म्हटलं, हात लावू नकोस म्हणजे झालं, आणि कुणाला लावू देऊ नकोस.

दादा पहिल्या पाळीवरून यायचा तो आधी त्या फळीकडे जायचा. डोक्यात कापूस असायचा त्याच्या, तो बशीत पडू नये म्हणून पंचा डोक्याला घट्ट गुंडाळायचा, श्वास धरायचा आणि लांबून बॅटरीचा उजेड टाकून बघायचा. मग म्हणायचा, काय गो शालू, वाढलो काय तुझो झील? झील म्हणजे आमच्यात मुलगा. झालं, सगळ्या मजल्यावर तेच नाव पडलं. शेजारच्या राधाकाकी, तोंडाच्या फटकळ, त्या मोरीच्या दारातून म्हणायच्या, शालूक घोव नाय मिळाक, पण झील मात्र फळयेर बसलोसा. घोव म्हणजे नवरा. आई लटकं रागवायची आणि पदरात हसायची. तसं हसणं आमच्या घरात तेव्हा होतं.

तेच चळवळीचे दिवस. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून सगळं गिरणगाव पेटलेलं, आणि मी पत्रकं लिहायचे. कडक लिहायचे, गुळमुळीत मला जमत नाही. दादा म्हणायचा, तुझी पत्रकां वाचून माकाच भीती वाटता. आमच्या सरांच्या कानावर गेलं. मराठीच गृहस्थ, मोठे विद्वान, पण म्हणाले, बाई, प्रयोगशाळेत राजकारण आणू नका. मी विचारलं, सर, ही प्रयोगशाळा कुठल्या शहरात आहे? ते चष्मा पुसत बसले.

गोळीबार झाला त्या दिवशी दादा मोर्चात नव्हता. मोर्चात असता तरी मी अभिमानानं सांगितलं असतं, पण नव्हता, हे खरं आहे आणि खरं तेच लिहा. पाळी सुटली, तो घरी येत होता, नाक्यावर धावाधाव झाली, गोळ्या सुटल्या, एक त्याला लागली. डबा हातात होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की जमाव पांगवण्यासाठी गोळीबार करावा लागला. जमाव! मी आजवर इतकी पत्रकं लिहिली, पण त्या एका शब्दाला उत्तर मला लिहिता आलेलं नाही. दादा म्हणजे जमाव नव्हता हो. एक माणूस होता, डोक्याला पंचा गुंडाळून श्वास धरून उभा राहणारा. सरकारला सगळे ठिपके एकमेकांत मिसळलेलेच दिसतात.

त्याला घरी आणला, आणि उचलला. बायकांनी स्मशानात यायचं नसतं असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, ज्यानं मला शिकवलं त्याला मी पोचवणार, कुणाला अडवायचं असेल त्यानं अडवा. कुणी अडवलं नाही. मी गेले, शेवटपर्यंत थांबले.

आणि इकडे आमच्याकडची रीत. घरातून माणूस नेला की घरात भरलेलं पाणी ठेवायचं नाही. ते ओतून टाकायचं, भांडी उपडी करायची, खोली धुऊन काढायची, मग नवीन पाणी भरायचं. दुःखाच्या घरातल्या माणसांना हे करायला लावत नाहीत, शेजारणी करतात, न सांगता करतात, मायेनं करतात. आईला एका कोपऱ्यात बसवून राधाकाकींनी आणि आणखी दोघींनी हंडा ओतला, कळश्या ओतल्या, माठ ओतला. आणि वरच्या फळीवरही भरलेलं पाणी होतंच. मलमल सोडून तेही ओतलं. झील झील म्हणून चेष्टा करायचे सगळे, पण त्या घडीला त्या माउलीच्या डोळ्यांना ते फक्त पाणी दिसलं.

मी परत आले, अंगावर दारातच पाणी घेतलं, आत पाऊल टाकलं आणि फळीवर बशी उपडी दिसली. धुऊन, स्वच्छ, उपडी. मोरीच्या दगडावर एका फटीत थोडा निळा डाग होता. मी तिथेच बसले आणि बोटांनी ती फट चाचपत राहिले, मला माहीत होतं की हंडाभर पाण्यात तो केव्हाच विरघळला असणार, हे शाळेतल्या मुलालाही कळतं, मी तर एम.एस्सी., तरी चाचपत राहिले. राधाकाकींच्या तेव्हा लक्षात आलं. त्या नुसत्या कपाळावर हात मारायला लागल्या, माका काय सुचला नाय गो बाये, रीत म्हणान सगळां पाणी ओतलंय. आणि आई कोपऱ्यातून म्हणाली, माझो गेलो, तुझोय गेलो.

त्यानंतर मी मला येतं तेवढं सगळं केलं. पाणी बदललं, जागा बदलली, दादरच्या मैत्रिणीच्या घरी तळमजल्यावर बशा ठेवून पाहिल्या. दर वेळी जुळं. मग एके दिवशी सरांनी परदेशातलं एक नियतकालिक माझ्यासमोर टाकलं. तिकडच्या लोकांना एकसंध खडा मिळाला होता, त्यांनी माझ्या तांब्याची सगळी बिऱ्हाडं शोधून काढली होती. चार जवळ आणि दोन लांब, खूप लांब, पण धरून ठेवलेली. मला असंच वाटत होतं, पण ‘मला वाटतं’ याला विज्ञानात कवडीची किंमत नाही. सर म्हणाले, पत्रकांत वेळ घालवला नसतात तर हे आपल्या नावावर असतं. मी म्हटलं, सर, बशी पत्रकांनी नाही सांडली, गोळीनं सांडली. आणि बाहेर जाऊन जिन्यात रडले, हेही लिहा. आपली माणसं रडत नाहीत असं पत्रकात लिहायचं असतं, इथे नको.

आता राज्य झालं. मुंबईसह झालं. लालबागला रोषणाई झाली, आईनं दारात पणती लावली, मीही पेढे वाटले, आनंद झाला, कशाला खोटं बोलू. पण रोषणाई बघायला कुणाबरोबर जायचं हा प्रश्न होता, म्हणून आम्ही दोघी घरातच बसलो.

सरांनी आता मला दुसरं दिलंय, त्याच जातीतलं, तांब्याच्या जागी निकेल, पाणी जांभळं. मी ते घरी आणणार नव्हते. पण घेऊन ये म्हणून राधाकाकीच मागे लागल्या, हाड गो, फळी रिकामी बरी दिसत नाय. आता रोज सकाळी त्याच आमचं पाणी भरतात, आईला उचलत नाही. हंडा टेकवतात तो इतका हळू की आवाज येत नाही. मग डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतात, दादासारख्या श्वास धरतात, वर बघतात, लांबूनच हात जोडतात आणि म्हणतात, वाढ रे बाबा, सुखान वाढ. मग मला विचारतात, वाढता मां गो?

परवा मी एक कण काढून नेला आणि काचांमध्ये धरून फिरवला. अर्धा काळा झाला, अर्धा उजळच राहिला. जुळंच आहे.

तुम्ही मला ओळखता, मी कुणाच्या तोंडावर खोटं बोलत नाही, सरांच्या नाही, पोलिसांच्याही नाही. राधाकाकींना म्हटलं, वाढतोय, काकी. चांगला वाढतोय.