लांब मानेची बाई

चहा घ्या, पण हा किस्सा हसायचा न्हाई बरं का. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी सगळं लातूर डॉक्टर व्हायच्या क्लासला पळून राहिलं होतं आन् मी चित्रकलेच्या कॉलेजात मूठभर पोरांना मॅनरिझम शिकवत होतो. म्हणजे इटलीतली जुनी, ताणून लांब केलेल्या माणसांची चित्रं. त्या दिवशी फळ्यावर टांगलेल्या चित्रात पलंगावर निजलेली उघडी बाई होती. प्रिन्सिपलच्या भीतीनं मी आधी दाराला कडी लावली.

"बघा, मान मुद्दाम लांब काढलीय. हात कसा सैल सोडलाय! सगळं मोहात पाडायला." मी लई रंगात आलो होतो.

तेवढ्यात किल्लारीकडची सुनीता उठली आन् तिनं आपली ओढणी चित्रावर टाकली. पोरं फिदीफिदी हसली.

मी म्हणलं, "अगं, लाजू नको. कला हाय ही."

"लाजून न्हाई राहिले, सर. ढिगाऱ्यातून आईला काढलं तव्हा मान अशीच लांबली होती. अंगावर टाकायला कुणाकडं कापड नव्हतं."

अजून परीक्षेत प्रश्न येतो, मान लांब का? पोरं लिहितात, सौंदर्यासाठी. मी पूर्ण मार्क देतो. दुसरं काय करू, सांगा?