झेप मोटर्सचा हेअर ड्रायर

...आणि वर मलाच विचारतात, "अरे, कंपनी बुडाली तुझी आणि तू हसतोस काय?" हसू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, झेप मोटर्स बुडाली त्या दिवशी मी घरी येऊन असा झोपलो, असा झोपलो, की बायकोनं नाकाशी बोट धरून बघितलं!

झेप मोटर्स तुम्हाला आठवणार नाही, आठवायला ती टिकली कुठे? पेपरात पानभर जाहिरात, 'आपल्या मातीतली आपली गाडी', आणि गाडी उतरायची कुठे? बंदरात! परक्या कंपनीची, अगदी तयार, सीटवर प्लास्टिक चढवलेली! आमचा कारखाना म्हणजे एक शेड, एक टेबल, गोंदाच्या ट्यूबा आणि मी. पद काय माझं? उत्पादन व्यवस्थापक! उत्पादन काय, तर मूळ नाव गरम करून सोलायचं आणि 'झेप' चिकटवायचं. गरम कशानं करायचं? मशीन मागवलंय, मागवलंय म्हणत मालकांनी शेवटपर्यंत मागवलं नाही, मग काय... बायकोचा हेअर ड्रायर! ती बिचारी ओले केस घेऊन गॅलरीत उभी आणि मी शेडमध्ये डिकी शेकतोय! म्हटलं, "मालक, हे बरं दिसतं का?" तर मिशीवरून हात फिरवत, घोगऱ्या आवाजात, "हे बघा, गाडी कुणाचीही असो... नाव आपलं!"

बरं, लोकांनी घेतल्या तर घेतल्या, पण आमच्या सासऱ्यांना काय गरज होती? आले की शोरूममध्ये, आयुष्यातली पहिली गाडी घ्यायला! मी मागून खुणावतोय, नको, नको, आणि मालकांचा हात त्यांच्या खांद्यावर, "जावयांच्या हातची गाडी आहे!" झालं! सासरे गहिवरले. गल्लीभर सांगत सुटले, "आमच्या जावयांनी बनवली!" गाडी कुणाचीही असो... नाव आपलं!

पुढे एका सकाळी शेडला कुलूप, मालक गायब. सुटलो म्हटलं! आणि तेवढ्यात सासऱ्यांच्या गाडीचा पाण्याचा पंप गेला. कोपऱ्यावरचा स्पेअर पार्टवाला दुकानदार त्यांना विचारतोय, "झेप? ही कुठली कंपनी?" गाडी दारात, ताडपत्रीखाली. सासऱ्यांनी आमच्याकडे यायचंच सोडलं. बायको म्हणते, "बाबा फोनवर नीट बोलत नाहीत हो." गाडीचं खरं नाव सांगितलं, तर पंप कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या जावयानं आयुष्यात फक्त गोंद लावला?

शेवटी गेलो. सासऱ्यांनी गाडीवरची ताडपत्री ओढून काढली, म्हणाले, "बसा आत." दोघं त्या बंद गाडीत बसलो. मी सांगायला तोंड उघडलं आणि नजर गेली स्टिअरिंगवर... मेलो! हॉर्नवरचं मूळ चिन्ह साच्यातलंच होतं हो, सोलून निघेना, म्हणून मी वर 'झेप'चं गोल स्टिकर लावलेलं. आणि सासरे कसे? समोर कावळा बसला तरी हॉर्न! स्टिकर कधीच उडालेलं, खालून परकी कंपनी लख्ख चमकतेय!

"हे... कधी निघालं?"

"पहिल्याच महिन्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"जावईबापू, रोज हेच तर दाबतो मी!"

"अहो, मग दुकानात खरं नाव का नाही सांगितलं?"

तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कसं सांगणार? त्याला मीच सांगितलेलं, जावयांनी बनवली म्हणून. तुमचं नाव गेलं असतं ना."

तुम्हाला सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला! डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदम! तसेच उठलो, दुसऱ्या भागातल्या दुकानात खरं नाव सांगून पंप आणला, गाडी सुरू झाली आणि सासऱ्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही!

आता मी सोललेली नावं बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती, टाकवत नव्हती मला. त्यातलं सासऱ्यांच्या गाडीचं, 'झेप' शेकून काढून, परत चिकटवून दिलं. बातमी फुटली! आता शहरातल्या सगळ्या झेप माझ्या दारात, "आमचीही जुनी नावं लावून द्या हो!" सासरे गल्लीभर सांगतायत, "आमच्या जावयांनी गाडी परदेशी करून दिली!" धंदा जोरात, झोप शांत, सगळं छान...

फक्त बायको. ओले केस, गॅलरीत उभी, आणि हुबेहूब मालकांच्या आवाजात म्हणते, "ड्रायर कुणाचाही असो... नाव आपलं!"