वाहून आलेली माटी

आमचं मूळ गाव साक्रीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. धंदा विहिरी खोदायचा, पिढीजात. सासऱ्यांले गावातले बठ्ठे लोक आबा म्हणत. आबा माटी जिभेवर ठेवून सांगायचे किती हातावर मुरूम लागेल, काय सांगू भाऊ तुमले, चुकायचे नाहीत. म्हणायचे, सूनबाई, आपल्याकडची माटी खडकाची लेक शे. खडक उन्हानं तडकतो, पाण्यानं झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरूम कुजून कुजून माटी होते, वीतभर माटीले किती पिढ्या जातात देव जाणे. म्हणून वर हातभर माटी, खाली मुरूम, मंग खडक, अन् खडक माणसाले दगा देत नाही.

पहिली मोठी लढाई चालू व्हती तेव्हाची गोष्ट. चोपड्याकडच्या एका पाटलानं आम्हाले बोलावलं, तापीकाठच्या मळ्यात विहीर काढायले. तिथं पाहते तर माटी निराळीच, पिवळसर, भुरभुरीत. दहा हात गेले, पंधरा हात गेले, मुरूम नाही, एक खडा नाही. मले पहिल्या दिवसापासून भ्या वाटे. एवढं खोल जायचं अन् हाताले कडक काही लागायचंच नाही, हे काय शे? मळ्यातली एक म्हातारी म्हणाली, बाई, ही माटी इथं झालीच नाही, तापीनं पुरात आणून टाकली, थरावर थर, कुठली कुठली. आबांले सांगितलं तर हसले, म्हणे माटी ती माटी.

आबा अन् माझा नवरा खाली खोदायचे, मी काठावर माटीच्या पाट्या दोरानं ओढून घ्यायची. मले पाचवा महिना. एका दुपारी पाहिलं तर काठापासून हातभर अंतरावर केसाएवढी भेग, माझ्या पायाखालून गेलेली, अन् भिंतीतून माटी झिरपत व्हती, चाळणीतून पीठ पडतं तशी, आवाज न करता. मी वरडले, आबा, वर या, भिंत सुटली. खालून आबा म्हणाले, माझी हयात गेली विहिरीत, तू गप पाट्या ओढ. नवराही हलेना, बापाच्या शब्दाबाहेर कसा जाईल? मंग मी खोटं बोलले. पोट धरून बसले, कळा येतात म्हणून किंचाळले, तसा तो दोर धरून सरसर वर आला. मी त्याले ओढत बाभळीपर्यंत नेलं, अन् मागं दबका आवाज झाला, धान्याचं पोतं टाकल्यासारखा. बस, एवढंच. वळून पाहिलं तर विहीर अर्धी भरलेली. हातानं उकरली आम्ही, जितकी काढावी तितकी वरून यायची. आबा दिवस मावळताना सापडले.

नवरा एकदाच बोलला, कळा थांबल्या का तुझ्या? म्हटलं, थांबल्या. आजपर्यंत तेच खोटं चालू शे. तो पाहा अंगणात बसला, ऐकू कमी येतं आता, तरी तुम्ही हळू बोला. अजून भ्या वाटतं, त्यानं पुन्हा विचारलं तर? अन् दुसरं एक छळतं, आबांसाठी काय खोटं बोलावं ते त्या घटकेले सुचलंच नाही मले.

साक्रीले परत गेलो नाही, मळ्यातच काम मिळालं. ती विहीर पुढं दुसऱ्यांनी बांधली, खोदत जायचं तसं विटांचं गोल कडं खाली उतरवत, म्हणजे भिंत सुटत नाही. आता दुसरीही लढाई सरली, त्या पाण्यावर केळी उभी शे. पाणी गोड शे म्हणतात. मी एक घोट घेतला नाही. पोरं पितात, नातवंडं पितात, त्यांले नाही म्हणत नाही. पिणाऱ्यांले लाभो बा.