विचार आवरणाऱ्या पेशी

बायको गेल्यापासून मला झोप नाही. नगरला डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी तिसगावचं एक म्हातारं जोडपं होतं.

"अवो, डोक्यातले विचार थांबले का?"

"न्हाई भिमे. पानी वळवायला दारं धरनारा झोपला की पाटाचं पानी सगळ्या वावरात पसरतं, तसं हाय."

"डॉक्टरबी तेच म्हनले. मेंदूत विचार आवरनाऱ्या पेशी असत्यात. सेरोटोनिन त्यांना जागं करतं, अन् गोळीनं ते वाढतं. रोज घेता ना?"

"नाव बरं पाठ केलंस! घेतो की, अर्धी."

"अर्धी का?"

"अर्धी तुला ठिवतो. तूबी माझ्यासंगं जागीच असतीस."

"येडं मानूस! ती काय भाकर हाय वाटून खायाला? आजपासनं पुरी घ्या. तुमी घोरायला लागलात, की मला आपोआप झोप लागती."