कप्तानसाहेबाचा दगड

— आधी ती पहार खाली ठेवा म्हणावं तुमच्या त्या गड्याला, बाई. कागदावरचा शिक्का दिसतोय मला, सरकारचीच परवानगी हाय, पण शिरूरच्या ह्या गोऱ्यांच्या कब्रस्तानाची राखण तीस वर्सं ह्या म्हाळूनं केलीय — मग कुदळ पडायच्या आधी त्याचं दोन शब्द ऐकाल का न्हाई? बसा. दावा बरं ते पुस्तक परत. हे हार्नबरी — कप्तानसाहेबाचं गाव, विलायतेतलं जिल्ह्याचं ठिकाण, म्हंजी आपल्या पुण्यावानीच, व्हय ना? हा घड्याळाचा मनोरा, हा सातशे वर्सांचा बाजार, अजून भरतोय — हा जुना तुरुंग, तिथं आता म्युझियम. काय राखलंय हो लोकांनी! तुरुंग बी पाडला न्हाई. आन् ह्या चर्चमंदी साहेबाच्या आईशेजारी जागा मोकळी, दोन हजार साल लागायच्या आत लेकाची हाडं न् हा दगड तुम्हाला तिथं न्यायचा. चांगलं हाय. आईला लेकरू जवळ पाहिजेच, कोण न्हाई म्हणल?

पण आज नगं. का म्हंजी? नवी बाजरी निघालीय. निमोण्यापासनं वडगाव रासाईपतूर लोक पयला निवद ह्याच दगडाला ठेवत्यात — साहेब उपाशी ऱ्हायला तर खळ्याला बरकत न्हाई म्हणत्यात. वरल्या मळ्याचं मारुतराव आजच येणार, पाटी घिऊन. त्यांना काय खड्डा दावायचा? — खोल? छ्या, लई खोल खणावं लागणार न्हाई, हातभरच. एकट्यानं किती खणणार —

कोण म्हणालं मी खणलं? मी म्हणालो?

...म्हणालो व्हय. बरं. ऐका मग. ह्या दगडाखाली साहेब न्हाई. माझी करुणा हाय. चौदा महिन्यांची. गोवरानं गेली, अठ्ठावीस वर्सं झाली. आमच्या बौद्धवाड्याची पुरायची जागा पुरानं नेलेली, म्हणून मारुतरावाच्या बापाकडं बांधाला हातभर जागा मागितली — त्यांनी काठी उगारली, आमच्या रानात तुमचं मढं नगं म्हणाले. भागुबाई, तिची आई, लेकरू पदरात घिऊन सकाळधरनं उन्हात बसलेली. मग आणली हितं. गोरा कुठं जात इचारणार हाय! पण कुत्री उकरत्यात ओ बाई, हातभर मातीला त्यांना कितीसा येळ — म्हणून साहेबाचा दगड पहारीनं सरकवत सरकवत तिच्यावर आणला. लोकांनी बी कवा इचारलं न्हाई, दगड तिथं निवद. साहेब त्या लिंबाखाली हाय, पाच पावलांवर. त्याला खुशाल न्या आईकडं. दगड तेवढा ऱ्हाऊ द्या.

बापानं काठी उगारली, आन् लेक दरसाल तिच्याम्होरं डोकं टेकवतो, आधी तिला वाढतो न् मग घरात खातो. पयल्या साली मला हसू आलं, मग लई रडलो. आता बरं वाटतं — खोटं कशाला बोलू? पण त्यांना कळलं तर पोरगीला हितनं बी उठवतील. भागुबाईला ठावं हुतं, ती गेली. आता मला ठावं, आन् तुम्हाला —

गप. फाटक वाजलं. डोळं पुसा, पुस्तक मिटा, माणसं जीपमंदी बसवा. लिंबाचं उद्या बघू. जावा म्हणतो ना, जावा —

या मारुतराव, या. चपला तिथंच काढा.